टिकलेला जोम आणि उसना जोम

आमच्या गिरगावातल्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर दोन म्हातारी मांजरं आहेत. आमची मनी १६ वर्षांची, शेजारच्या काकूंचा बोक्या १४ वर्षांचा. गेल्या पावसाळ्यात दोघांचं कौतुक एकाच वाक्यात व्हायचं: "या वयात काय जोम आहे हो!" मनी आठवड्या-पंधरवड्याला एखादा उंदीर मारून उंबऱ्यापाशी आणून ठेवायची. बोक्या रात्री तीन वाजता गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सुसाट सुटायचा, जिन्याच्या कठड्यावर उडी मारायचा, तिथे बसून भसाड्या आवाजात ओरडायचा आणि सकाळी मासेवाली मावशी आली की थेट तिच्या पाटीत तोंड घालायचा. काकू खुशीत सांगायच्या, "दोन वर्षं नुसता लोळत पडलेला असायचा गं. आता बघ, परत पोरगा झालाय."

त्या "परत"पाशी मी थबकायला हवं होतं. थबकले नाही. दसऱ्याच्या सुमारास काकू गावी निघाल्या म्हणून बोक्या चार दिवस आमच्याकडे आला. त्याला उचलून घेतला तेव्हा कळलं, की वरून झुबकेदार दिसणाऱ्या केसांखाली पाठीचे मणके एकेक करून हाताला लागतायत. आणि छातीवर हात ठेवला तर आत शिवणयंत्र चालावं तशी धडधड.

मनीचा जोम टिकलेला होता, बोक्याचा उसना. गॅलरीतून बघणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात, म्हणूनच घोळ होतो.

आधी टिकलेल्या जोमाविषयी. मांजराची १५ वर्षं म्हणजे माणसाची साधारण ७६, असं ढोबळमानाने धरतात. इतकं वय झालं तरी शिकार सुटत नाही, कारण तिचा भुकेशी संबंध आपण समजतो तेवढा नाही. पोटभर मासे-भात खाऊन बसलेलं मांजरही कोपऱ्यात काही सरसरलं की दबा धरतं. मेंदूत भूक आणि शिकार यांची खाती वेगळी आहेत. शिवाय शिकारीला लागणारं बरंचसं सामान पायांत नसतंच, ते कानांत आणि मिशांत असतं. आपल्याला २० किलोहर्ट्झच्या वरचा आवाज ऐकू येत नाही, मांजराला ६०च्या पुढचाही येतो. उंदरांची आपसांतली जी चीची आपल्या कानावर कधी पडतच नाही, ती तिला कळते. तोंडापुढचं अगदी जवळचं मांजराला नीट दिसत नाही, तिथे मिशा कामाला येतात.

मनी शिकार कशी करते ते मी कितीतरी रात्री पाहिलंय. ती धावत नाही. मोरीतल्या पाइपाजवळ, बादलीच्या आडोशाला, पुढचे पाय अंगाखाली घेऊन बसते. अर्धा तास, पाऊण तास. शेपटीचं टोक तेवढं हलत असतं. उंदीर बाहेर डोकावला तरी लगेच झडप नाही. त्याला भिंतीपासून दोन-तीन वितींवर येऊ देते, म्हणजे परतीची वाट तुटली. मग एकच झेप. ती चुकली तर पाठलाग नाही, तिथेच बसून पंजा चाटायला घेते, जणू उंदीर तिला नकोच होता. तरुणपणी ही बया त्याच उंदरामागे चार खोल्या पळाली असती. घुशीच्या तर ती वाटेलाही जात नाही. चिचुंद्री मारते, पण त्या वासाला तोंड लावत नाही, मारून आमच्यासाठी सोडते.

आणि ती म्हातारी झालीय हे लपत नाही. पूर्वी जमिनीवरून थेट फळीवर जायची. आता जमीन, तांदळाचा डबा, ओटा, मग फळी, असे टप्पे घेते. १२ वर्षांवरच्या मांजरांचे एक्स-रे काढून पाहिले तेव्हा दहातल्या नऊ मांजरांच्या सांध्यांत झिजेच्या खुणा सापडल्या होत्या. तेव्हा डबा लागतो यात लाजायचं काही नाही. शिकारीनंतर मनी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झोपते. टिकलेल्या जोमाची हीच खूण, तो जपून खर्च होतो. स्कॉटलंडमध्ये ग्लेनटरेट नावाची व्हिस्कीची भट्टी आहे. तिथली टाउझर ही मांजर १९६३ ते १९८७ म्हणजे जवळजवळ २४ वर्षं जगली आणि तिच्या नावावर गिनीज बुकात २८,८९९ उंदीर आहेत. आकडा अर्थातच अंदाजाने काढलेला, वरचे ९९ कुणी मोजले देव जाणे. पण म्हातारपण आणि शिकार एकत्र नांदू शकतात एवढं त्यातून नक्की कळतं.

आता उसना जोम. गळ्यात श्वासनळीच्या दोन बाजूंना थायरॉइडच्या दोन छोट्या ग्रंथी असतात. म्हातारपणी काही मांजरांच्या या ग्रंथींत गाठी वाढतात आणि त्या गरजेपेक्षा जास्त हॉर्मोन सोडू लागतात. गाठी बहुतेक साध्याच असतात, कॅन्सरच्या शंभरात दोन-तीन. पण शरीरावर परिणाम असा, की शेगडीचा गॅस मोठा राहिलाय आणि बारीक करायचं बटणच निकामी झालंय. हृदय पळतं, आतडी पळतात, डोकं पळतं आणि त्यापायी मांजरही पळतं. माणसांमध्ये थायरॉइड म्हटलं की बहुतेकांना सुस्ती आणि वाढलेलं वजन आठवतं, कारण घरोघरी तोच प्रकार असतो. मांजरांमध्ये नेमकं उलटं: थायरॉइड कमी पडणं दुर्मीळ, जास्त होणं नेहमीचं. मांजरांच्या या आजाराचं वर्णन पहिल्यांदा झालं ते अमेरिकेत, १९७९-८०च्या सुमारास. आज म्हाताऱ्या मांजरांचा हॉर्मोनचा सगळ्यात जास्त आढळणारा आजार म्हणून तो ओळखला जातो. सहसा दहाव्या वर्षानंतर, बहुतेकदा बारा-तेराच्या आसपास उघडकीला येतो.

आमच्या आजीने बोक्याकडे एकदा बघून "याला भस्म्या झालाय" म्हटलं असतं आणि ती फारशी चुकली नसती. त्याला खा खा सुटली होती. स्वतःचं ताट संपवून पोळीचा तुकडा, वरणभात, मुलांच्या हातातलं बिस्कीट, काहीही. इतकं खाऊन अंगाला लागत नव्हतं. काकूंना ते दिसलं नाही, कारण रोज समोर असलेलं मांजर महिन्याला शे-दीडशे ग्रॅमने उतरतं तेव्हा डोळ्यांना कळत नाही. वर लांब केस. आठवड्यातून दोन-तीनदा उलटी व्हायची, ती "अधाशासारखं खातो म्हणून" खपून गेली. ट्रेमधली रेती पूर्वीपेक्षा लवकर भिजायची. बादलीतलं पाणी प्यायचा, ते मुंबईच्या उकाड्यावर गेलं. दुपारी मोरीच्या गार फरशीवर पोट टेकून पसरायचा, तेही उकाड्यावर गेलं. या आजारात मांजराला उष्मा सहन होत नाही. पण ऑक्टोबरात गिरगावात कोणाला होतो?

रात्रीचं ओरडणंसुद्धा त्यातलंच. म्हातारं मांजर बहिरं झालं, गोंधळलं किंवा रक्तदाब वाढला तरी रात्री ओरडतं, म्हणून नुसत्या ओरडण्यावरून निदान करू नये. पण ओरडणं, हावरटपणा आणि घटतं वजन एकत्र दिसलं तर अमावास्या-पौर्णिमेचा हिशेब लावत बसू नये, आमच्या मजल्यावर तोही लावून झाला होता.

हे दोन जोम वेगळे कसे ओळखायचे? माझ्या मते पहिला प्रश्न "किती जोम आहे" हा नाही, "कुठून आला" हा आहे. मनीचा जोम कधी गेलाच नव्हता, दरवर्षी थोडा थोडा उतरतोय एवढंच. बोक्याचा जाऊन परत आला. म्हातारपणी ओढा सहसा उताराकडे असतो. तो अचानक चढाला लागला तर आनंद मानण्याआधी कारण शोधावं.

दुसरा फरक झोपेत दिसतो. मनी उंदराशिवायची सगळी वेळ गाढ झोपते. बोक्याला झोप लागायची नाही. बसला की उठायचा, उठला की फिरायचा, मांडीवर घेतला तर दोन मिनिटांत अंग सोडवून घ्यायचा. पूर्वीचा तो शांत गडी नखं कापताना चावायला लागला होता. आणि गंमत म्हणजे एवढी धावपळ करून त्याने त्या चार महिन्यांत एकही उंदीर मारला नाही. दबा धरायला स्वस्थ बसावं लागतं, ते त्याला जमेना. निदान आमच्या चाळीत तरी शिकार कोणाला साधते यावरूनच दोघांचं गुपित फुटलं.

तिसरं आणि सगळ्यात भरवशाचं, वजन. माणसांच्या काट्यावर मांजर घेऊन उभं राहायचं आणि मग आपलं वजन वजा करायचं, ही पद्धत मी सोडली, तिच्यात शंभर-दोनशे ग्रॅम कुठेही जातात. गाडीला जाताना बॅगा मोजायचा जो लटकवायचा डिजिटल काटा असतो तो घ्यावा, बाजाराची कापडी पिशवी त्याला अडकवावी, पिशवीत मांजर. मनी पहिल्यांदा फिसकारली, आता सुकटीच्या दोन तुकड्यांवर बसते. महिन्याच्या पहिल्या रविवारी कॅलेंडरवर आकडा लिहायचा. चार किलोच्या मांजराचे ४०० ग्रॅम गेले म्हणजे दहावा हिस्सा गेला. साठ किलोच्या माणसाचे सहा किलो न मागता उतरले तर घरचे काय धावपळ करतील, तेवढीच ती गोष्ट गंभीर. गाढ झोपेत असताना मिनिटभर श्वासही मोजून ठेवावेत. निरोगी मांजराचे ३०च्या आत असतात.

इथे एक मेख आहे. खाऊनही वाळणं म्हणजे थायरॉइडच, असं नाही. मधुमेह, जंत, आतड्याचे आजार यांतही तसंच होतं. आणि पक्की शिकारी मांजर आजारी पडणार नाही असाही नियम नाही, मनीचं रक्त आम्हीही वर्षातून एकदा तपासतो.

आणखी एक फसवा जोम आहे, खास मुंबईकरांसाठी. तुमची म्हातारी मांजर एकाएकी दिवसाआड उंदीर आणू लागली, तर ती तरुण झालेली नसून उंदीर मंद झालेले असू शकतात. आसपासच्या सोसायटीत किंवा दुकानात विष ठेवलेलं असतं. रक्त गोठू न देणाऱ्या प्रकारचं विष उंदराला लगेच मारत नाही, काही दिवस लागतात आणि त्या दिवसांत तो झिंगल्यासारखा फिरतो. असा उंदीर मांजराने खाल्ला तर विष तिच्याही पोटात जातं. तेव्हा हातात आलेला उंदीर आधी काढून घ्यायचा आणि खालच्या वाण्याला विचारून यायचं.

डॉक्टरांकडे बोक्याची पहिली खेप फुकट गेली. जवळच्याच एका दवाखान्यात त्याला टेबलावर उड्या मारताना बघून "एकदम फिट आहे, वयाच्या मानाने तरुण" म्हणून परत पाठवलं. वजनाच्या जुन्या नोंदी आमच्याकडे नव्हत्या, त्यामुळे भांडायला पुरावाही नव्हता. दुसऱ्या डॉक्टरांनी मान वर करून गळ्यावरून दोन बोटं हलकेच खाली ओढली आणि वाटाण्याएवढी काहीतरी गाठ बोटाखालून सटकली. हृदयाचे ठोके मिनिटाला अडीचशेच्या घरात. रक्तात टी-४ हे हॉर्मोन तपासलं, ते भरपूर वाढलेलं. ते सुरुवातीच्या काळात नॉर्मलही येऊ शकतं, म्हणून लक्षणं असतील तर काही आठवड्यांनी पुन्हा तपासतात. सोबत किडनी आणि रक्तदाबही बघून घ्यावा. रक्तदाब वाढून डोळ्याचा पडदा सुटला तर मांजर एका रात्रीत आंधळं होतं.

उपचार आहेत. माणसांना देतात त्या कार्बिमाझोल किंवा मेथिमाझोलच्या गोळ्या, मांजराच्या मापाने, आयुष्यभर. परदेशात किरणोत्सारी आयोडीनच्या एका इंजेक्शनने आजार कायमचा घालवण्याची पद्धत रुळली आहे. काहींची ग्रंथी शस्त्रक्रियेने काढतात. घरात कोणाच्या थायरॉइडच्या गोळ्या असतील तर त्यांतली अर्धी मोडून देण्याचा उद्योग मात्र मुळीच करू नये. बहुतेक घरांत असते ती थायरॉइड वाढवणारी गोळी, म्हणजे आगीत तेल. गोळ्या सुरू झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी रक्त पुन्हा तपासतात. एक कारण डोस जुळवणं. दुसरं जास्त महत्त्वाचं: वाढलेल्या थायरॉइडमुळे किडनीतून रक्त जोरात वाहतं, त्यामुळे थकलेली किडनीही रिपोर्टमध्ये ठीक दिसते. हॉर्मोन खाली आलं की तिची खरी अवस्था दिसते. तेव्हा लोक म्हणतात औषधाने किडनी बिघडली. ती आधीच बिघडलेली असते, दिसत नव्हती एवढंच. बोक्याची थोडी बिघडलेली निघाली, त्याप्रमाणे गोळी आणि खाणं ठरलं.

गोळी सुकटीच्या चुऱ्यात लपवून जाते, दिवसातून दोनदा, कधी काकू देतात, कधी मी. तीन महिन्यांत त्याचं वजन ६०० ग्रॅमने वाढलं. रात्री ओरडत नाही. मासेवाली मावशी परवा मांदेली मोजता मोजता म्हणाली, "काय वो ताई, बोक्या लई थकला. औषधानं म्हातारा केला त्याला." तो तेव्हा गॅलरीतल्या उन्हाच्या पट्ट्यात आडवा झाला होता. डोळे मिटलेले, एक कान मोरीच्या पाइपाकडे वळलेला, शेपटीचं टोक तेवढं हलत होतं.