उसाच्या पात्याचा काप आणि पेशींवरचा पहारा

वाळव्याकडच्या रानात पाला काढताना उसाच्या पात्यानं बोट कापलं नाही असा माणूस सापडायचा नाही. काप केसाएवढाच, पण संध्याकाळी बोट लाल होतं, सुजतं, ठणकतं. आई चुलीपुढं बसून त्यावर हळद दाबायची.

हा ठणका बहुतांशी आपलंच शरीर उठवतं. कातडीखालच्या पहारेकरी पेशींच्या अंगावर ‘टोल’ जातीची प्रथिनं असतात. माणसात ती साधारण दहा प्रकारची. त्यातलं चौथं, टीएलआर-४, कित्येक जिवाणूंच्या बाहेरच्या आवरणातलं एक स्निग्ध द्रव्य ओळखतं. ओळख पटली की पेशीच्या आत एनएफ-कप्पा-बी नावाचा कळीचा रेणू जागा होतो आणि रसायनं सुटतात. मग रक्तवाहिन्या सैलावतात आणि पांढऱ्या पेशी धावून येतात. माशीतल्या टोलचं हे काम 1996 मध्ये ज्युल्स हॉफमन यांच्या गटानं दाखवलं, उंदरातलं 1998 मध्ये ब्रूस बॉयटलर यांच्या गटानं. 2011 च्या नोबेलमध्ये दोघेही होते.

चार दिवसांत बोट निवतं, कारण ही हाकाटी, म्हणजेच दाह, थांबते. ती वर्षानुवर्षं चालू राहिली तर घात होतो. पांढऱ्या पेशी जंतूंवर जी जहाल ऑक्सिजन-रसायनं सोडतात, ती शेजारच्या निरोगी पेशींच्या डीएनएलाही डागतात. झीज भरायला पेशी पुन्हापुन्हा विभागतात आणि दर विभागणीत चूक व्हायला वाव मिळतो. जठरातल्या हेलिकोबॅक्टर या जिवाणूच्या जुनाट दाहातून कर्करोग उद्भवतो, तो याच वाटेनं. गालात रोज दाबलेल्या मिश्रीचं विष मुळात तंबाखूतल्या रसायनांचं, पण हा दाहही त्याला हातभार लावतो. घरोघरच्या आया-मावश्यांच्या गालातला पांढरा चट्टा म्हणून डॉक्टरांना दाखवाच, दुखत नसला तरी.

हळदीतलं कर्क्युमिन प्रयोगशाळेतल्या पेशींत एनएफ-कप्पा-बी दाबतं, हे खरं. पण खाल्लेलं कर्क्युमिन रक्तात फारच थोडं उतरतं. सांगलीच्या हळदीचा मलाही अभिमान आहे. तरीही तिच्या भरवशावर कुणी उपचार सोडू नयेत.

हाच पहारा कर्करोगावर उलटवताही येतो. मूत्राशयाच्या आतल्या अस्तरापुरत्या गाठी काढल्यावर नळीनं आत बीसीजी ही क्षयाची लस सोडतात, सहसा आठवड्यातून एकदा असं सहा आठवडे. टोल प्रथिनं त्या जिवंत पण दुबळ्या जंतूंना ओळखतात, दाह उठतो आणि त्या झोडपणीत उरलेल्या कर्कपेशीही सापडतात. बाळाच्या डाव्या दंडावर टोचतात, तीच ही बीसीजी.