समुद्रतळावरचे धातूगोळे पुन्हा उगवतात का?

इंदुरातल्या आपल्या मराठी ग्रुपांवर एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतो: समुद्रतळावर धातूचे गोळे पडले आहेत, कितीही काढा, काही वर्षांत नवे तयार होतात.

गोळे आहेत, हे खरं. खोल समुद्रात, साधारण 4 ते 6 किलोमीटरवर, चोइथराम मंडीतल्या बटाट्याएवढे. त्यांत मँगनीज, निकेल, तांबं, कोबाल्ट असतं. 1873 मध्ये ‘चॅलेंजर’ जहाजाने ते पहिल्यांदा वर काढले. पण ते वाढतात दहा लाख वर्षांत जेमतेम काही मिलिमीटर. शार्कच्या दाताभोवती किंवा खडकाच्या कपच्याभोवती पाण्यातले धातू थरावर थर बसत जातात.

पडताळा वहीवर घ्या. गोळा 10 सेंटिमीटरचा, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत 50 मिलिमीटर. वेग भरपूर धरू, दहा लाख वर्षांत 10 मिलिमीटर. तरी 50 लाख वर्षं लागली! कापलेल्या गोळ्याचे फोटो मिळतात, त्यांत ही वलयं स्पष्ट दिसतात.

हा समज बहुधा दुसऱ्याच गोष्टीवरून आला असावा, आणि तसं वाटणं स्वाभाविक आहे. समुद्रतळावरच्या उष्ण झऱ्यांची धातुयुक्त धुरांडी खरोखरच झपाट्याने, काही महिन्यांत मीटरभरही वाढू शकतात. गोळ्यांचा प्रकारच वेगळा.

आणि प्रश्न फक्त धातूचा नाही. काही स्पंज आणि प्रवाळ या गोळ्यांनाच चिकटून जगतात, कारण त्या मऊ चिखलात टणक जागा तेवढीच. पेरूजवळ 1989 मध्ये प्रयोगासाठी तळ नांगरला होता. त्याचे चर 2015 मध्येही जसेच्या तसे दिसत होते.