ओल चिकी

ओल चिकी ही संथाळ आदिवासींच्या संथाळी भाषेची लिपी. मयूरभंज संस्थानात (आजचा ओडिशा) रायरंगपूरजवळ जन्मलेले शिक्षक पंडित रघुनाथ मुर्मू (१९०५–१९८२) यांनी ती १९२५ मध्ये रचली.

संथाळी मुंडा भाषाकुळातली. तोवर ती प्रदेशाप्रमाणे रोमन, बंगाली, ओडिया वा देवनागरीत लिहिली जाई. शब्दाच्या शेवटी श्वास कंठात अडवून उच्चारायची तिची व्यंजने शेजारच्या लिप्यांत नीट उतरत नसत. मुर्मूंनी नेमकी त्यांचीच सोय केली. अग्, आज्, उद् आणि ओब् ही चार अक्षरे शब्दाच्या शेवटी कंठ अडवूनच वाचली जातात. तसे नको असेल तर अक्षरापुढे ‘अहद’ हे चिन्ह द्यायचे.

लिपीची मांडणी फार विचारपूर्वक केलेली आहे. एकूण तीस अक्षरे, पाच-पाचच्या सहा ओळींत. प्रत्येक ओळीच्या आरंभी एक स्वर आणि त्यामागून चार व्यंजने. तो स्वर आधी उच्चारून व्यंजनांना नावे दिलेली. म्हणून पहिल्या ओळीत अत्, अग्, अङ्, अल् आणि तिसरीत इस्, इह्, इञ्, इर् अशी व्यंजने येतात. देवनागरीप्रमाणे व्यंजनात ‘अ’ गृहीत नाही. काना-मात्रा नाहीत, जोडाक्षरे नाहीत. स्वर व्यंजनाशेजारी पूर्ण अक्षर म्हणून बसतो. ख, घ यांसारख्या महाप्राणांसाठी मूळ व्यंजनापुढे ‘ओह्’ लिहितात. अंकही स्वतंत्र आहेत.

अक्षरांचे आकार संथाळ जीवनातून घेतले आहेत आणि लिपीचे खरे सौंदर्य इथेच आहे. ‘उद्’ म्हणजे अळंबी, ‘इर्’ म्हणजे कापणीचा विळा, ‘आम्’ म्हणजे समोरच्याकडे बोट दाखवून म्हटलेले ‘तू’. अक्षराचे नाव, आकार आणि ध्वनी शेतात-रानात वावरणाऱ्या मुलाला एकदमच लक्षात राहावेत, अशी ही योजना आहे.

प्रसारासाठी मुर्मूंनी पाठ्यपुस्तके, गीते आणि नाटके लिहिली. ‘बिदू-चांदान’ या नाटकातले प्रेमी याच लिपीतून एकमेकांना निरोप धाडतात. सरकारी आधार मिळण्याआधी कित्येक वर्षे लोकांनीच ही लिपी गावोगाव शिकवली, हे विसरता येत नाही. पश्चिम बंगाल सरकारने १९७९ मध्ये तिला मान्यता दिली. २००३ च्या ९२ व्या घटनादुरुस्तीने संथाळी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत, म्हणजे मान्य भाषांच्या यादीत, आली. २००८ मध्ये लिपीचा युनिकोडमध्ये समावेश झाला आणि २०१८ पासून तिच्यात संथाळी विकिपीडियाही आहे. बांगलादेशातील संथाळ मात्र आजही मुख्यतः रोमन किंवा बंगाली लिपी वापरतात.