आईच्या आईचं माहेर: इस्रायलहून ठाण्यात आलेल्या जुन्या पत्रांची पार्श्वभूमी

ठाण्यातल्या बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजाच्या, घरांत जुनी ट्रंक उघडली की फोटो, पासबुकं आणि लग्नपत्रिकांच्या खाली बहुतेक वेळा दोन-चार निळे एरोग्राम सापडतात. इस्रायलमधल्या रामले, लोद, बीरशेबा, दिमोना अशा गावांहून आलेले. अक्षर देवनागरी, भाषा अलिबागच्या वळणाची मराठी. कागद संपला तरी मजकूर संपत नाही, म्हणून समासात उभ्या ओळी. खुशाली, तिकडची थंडी, कुणाला नोकरी लागली, कोकम पाठवता आलं तर बघ, आणि मध्येच एक विचारणा: आजीच्या आईचं नाव काय, ती कुठल्या गावची, तिचं लग्न कुठे लागलं, जमेल तितक्या लवकर कळव.

आज वंशवृक्ष करायला बसलेली नातवंडं ही ओळ वाचतात आणि त्यांना वाटतं, पत्र लिहिणाऱ्या मावशीला घराण्याच्या इतिहासाची आवड होती. असेलही. पण पत्रावरचा शिक्का १९६२ ते १९६४ या काळातला असेल, तर तो प्रश्न बहुधा आवडीतून आलेला नाही. तिकडे कुणाचं तरी लग्न ठरत होतं आणि त्यासाठी हे पुरावे हवे होते.

१९४८ मध्ये इस्रायल स्थापन झाल्यावर कोकण-मुंबईतले बेने इस्रायल तिकडे जाऊ लागले. १९५१ च्या जनगणनेत भारतात ज्यूंची संख्या २५ हजारांच्या वर होती; २०११ मध्ये ती साडेचार हजारांच्या थोडी पुढे उरली. जाणारे एका दमात गेले नाहीत. काही गेले, तिथल्या वागणुकीला कंटाळून धरणं धरून बसले आणि १९५२ मध्ये विमानाने परत आले. त्यातलेही बरेच पुढे पुन्हा गेले. एक भाऊ रामल्यात आणि दुसरा ठाण्यात, अशी घरं या काळात तयार झाली आणि पत्रांचा ओघ सुरू झाला.

लग्नाचा घोळ तिथूनच सुरू झाला. इस्रायलमध्ये ज्यूंची लग्नं धार्मिक न्यायव्यवस्थेच्या हाती असतात. बेने इस्रायल मुलगा किंवा मुलगी इतर ज्यू समाजात लग्न करू लागली, तेव्हा काही रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, शंका काढली: शतकानुशतकं एकटे राहिलेले हे लोक, यांच्यात घटस्फोट धर्मशास्त्राप्रमाणे झाले होते का, बाहेरच्या बायका घरात आल्या होत्या का? ज्यूपण आईकडून येतं असं धर्मशास्त्र मानतं, म्हणून फेब्रुवारी १९६२ मध्ये मुख्य रब्बिनेटने, म्हणजे तिथल्या सर्वोच्च धर्मपीठाने, विवाह नोंदवणाऱ्यांना सूचना काढल्या की अशा अर्जदाराची आई, आईची आई, अशी शक्य तितकी मागची पिढी तपासावी. समाजाला हे झोंबलं. सगळ्यांची नव्हे, फक्त यांचीच चौकशी! जेरुसलेममध्ये आंदोलन झालं, प्रकरण तिथल्या संसदेत गेलं, ऑगस्ट १९६४ मध्ये संसदेने बेने इस्रायल सर्वार्थाने ज्यू असल्याचं ठणकावून सांगितलं आणि महिनाअखेरीस रब्बिनेटने सूचनेतून या समाजाचं नाव काढलं. मधल्या अडीच वर्षांत लग्न ठरलेल्या घरांपुढे एकच वाट होती. मागच्या पिढ्यांची माहिती ज्यांना होती ती म्हातारी माणसं कोकणात, मुंबईत नाहीतर ठाण्यात होती. त्यांनाच पत्र टाकायचं.

या सक्तीचा एक परिणाम मात्र वंशावळ शोधणाऱ्याच्या पथ्यावर पडला. आपल्याकडची वंशावळ बापाकडून बापाकडे जाते. त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या पाहा किंवा छापील कुलवृत्तांत पाहा. मुलींची नोंद झालीच तर सासरच्या आडनावापुरती, आणि तिच्या आईचं माहेर कुणी विचारतच नाही. या पत्रांत उलटं आहे. त्यांना हवी आहे ती आईची बाजू. पणजीचं माहेर, तिच्या आईचं गाव, मामांची नावं. एरवी दोन पिढ्यांत पुसली जाणारी ही माहिती एका कार्यालयाच्या हट्टापायी कागदावर उतरली. त्या हट्टाचं कौतुक करावं असं मला वाटत नाही. पण संशोधकाने तो कागद सोडू नये.

पत्रात गाव आलं की पुढचा धागा आडनावाचा. किहीमकर, आवासकर, झिराडकर, नवगावकर, पेझारकर ही अलिबागच्या आसपासची, अष्टमकर रोह्यासमोरच्या अष्टमीचे, वाकरूळकर पेण तालुक्यातले, गालसूरकर श्रीवर्धनकडचे. अशी शंभरावर आडनावं सांगितली जातात. गावात हे लोक घाण्यावर तेल काढायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून शनवार तेली. जुन्या महसुली कागदात नुसतं ‘तेली’ दिसलं म्हणून पान उलटून पुढे जाऊ नये, ते एवढ्यासाठी. दुसरी खबरदारी याच्या उलट आहे. पेणकर, दिवेकर, घोसाळकर ही आडनावं हिंदू घरांतही आहेत. केवळ आडनावावर सातबारा आणि फेरफार धुंडाळणारा माणूस भलत्याच घराण्याचा पणतू होऊन बसतो. शिवाय गाव आंग्र्यांच्या मुलखात होतं की जंजिऱ्याच्या सिद्दीच्या, हे आधी पाहावं लागतं. मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन १९४८ पर्यंत जंजिरा संस्थानात होते, तेव्हा तिथलं दप्तर निराळं. जुना कागद मोडीत असणार हे गृहीतच धरा.

गावं सुटायला सुरुवात झाली ती कंपनीच्या फौजेमुळे. मुंबईच्या पलटणींत बेने इस्रायल मोठ्या संख्येने भरती झाले आणि हुद्द्यावर चढले. पुढे रेल्वे, टपाल, कस्टम, शाळा, इस्पितळं. ठाण्याला १८५३ मध्ये गाडी आली, सरकारी कचेऱ्या होत्याच, आणि पेण-पनवेलकडच्या माणसाला हे गाव मुंबईइतकं परकं नव्हतं. १८७९ मध्ये टेंभी नाक्याच्या परिसरात शआर हाशामाईम हे प्रार्थनालय उभं राहिलं, म्हणजे तोवर इथे वस्ती पुरेशी झाली होती. आजही मुंबई परिसरातले ज्यू मोठ्या संख्येने ठाण्यातच आहेत. त्यामुळे शोध ठाण्यापर्यंत सोपा असतो. लग्नाचा करार म्हणजे केतुबा, दफनभूमीतले दगड, शाळेचा दाखला, पेन्शनचे कागद, काही ना काही हाती लागतं. ठाण्याच्या मागे गेलं की अडतं, आणि अडवतात ती नावं.

उदाहरण समाजाच्या सर्वांत प्रसिद्ध माणसाचं घेऊ. मुंबईत मांडवीला १७९६ मध्ये पहिलं प्रार्थनालय बांधणारे सॅम्युएल एझिकेल दिवेकर. कंपनीच्या फौजेत अधिकारी, टिपूच्या कैदेत सापडले, सुटून आले आणि प्रार्थनालय बांधलं. लोक त्याला जुनी मशीद म्हणत, आणि आपण रोज ज्यावरून जातो त्या मशीद स्टेशनचं नाव त्यावरूनच पडलं असं सांगतात. याच माणसाचं मराठी नाव सामाजी हसाजी दिवेकर. सामाजी म्हणजे सॅम्युएल, हसाजी म्हणजे एझिकेल. तसेच आबाजी म्हणजे अब्राहम, बनाजी म्हणजे बेंजामिन, इसाजी म्हणजे आयझॅक. गावच्या कागदात सामाजी, हिब्रू केतुब्यात शेमुएल बेन यहेज्केल, इंग्रजी नोंदीत सॅम्युएल एझिकेल. हे तिघे एकच, हे माहीत नसेल तर वंशवृक्षावर तीन फांद्या वाढतात.

एकोणिसाव्या शतकात कोचीनचे ज्यू शिक्षक आणि मिशनऱ्यांच्या शाळा यांच्या प्रभावाने जी-कारान्त नावं मागे पडली. इंग्रजी रजिस्टरात आणखी एक गंमत झाली: बापाचं नावच आडनावाच्या जागी बसलं. मोझेसचा मुलगा सॅमसन मोझेस, त्याचा मुलगा डॅनिएल सॅमसन. आजोबा, बाप आणि नातू तिघांची तीन आडनावं, आणि खरं ‘कर’ आडनाव कुणाच्याच कागदावर नाही. मावशीच्या पत्रात ते असतं, कारण घरात बोलताना लोक तेच वापरत. म्हणून सरकारी दाखल्यापेक्षा अशा पत्राला मी जास्त वजन देतो. नाती तर त्यात चोख असतातच. आते कोण, मावशी कोण, मामी कुठली, यात बाई माणूस चुकत नाही.

तारखांचं तसं नाही. समजा पत्रात एवढंच आहे की थोरली आजी बिरड्याच्या सणाच्या आदल्या रविवारी गेली. बिरड्याचा सण म्हणजे जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा दिवस, हिब्रू पंचांगातली अव महिन्याची नवमी, इंग्रजी जुलै-ऑगस्टात येणारी. कोकणात त्या दिवशी वालाचं बिरडं खायची रीत, म्हणून हे नाव. होळीचा सण म्हणजे पुरीम, नव्याचा सण म्हणजे वर्षारंभ, दाराफाळणीचा म्हणजे योम किप्पूर. वर्ष ठाऊक असेल तर त्या वर्षीची अव नवमी काढून आदला रविवार गाठता येतो. वर्ष नसेल तर निदान पावसाळा कळतो, आणि त्या मोसमातल्या मृत्यूच्या नोंदी चाळता येतात. दगडावर किंवा केतुब्यात हिब्रू वर्ष असेल तर त्यातून ३७६० वजा करायचे, तिश्री (हिब्रू वर्षाचा पहिला महिना, सप्टेंबर-ऑक्टोबरात येणारा) ते डिसेंबरमधल्या तारखेला ३७६१. ५६३९ मधून ३७६० गेले की १८७९. कधी हजाराचा आकडा गाळून नुसतं ६३९ कोरलेलं असतं, ते पाहून दचकायचं कारण नाही. मृत्यूची हिब्रू तिथी घरात सहसा नीट सांभाळलेली असते, कारण दरवर्षी त्या दिवशी प्रार्थना करायची असते. जन्मतारखेचं तेवढं नसे.

पत्रं काही गोष्टी मुद्दाम सांगत नाहीत. समाजात गोरे आणि काळे इस्रायल असा भेद होता. ज्यांच्या घराण्यात बाहेरची बाई आली असं मानलं जाई ते काळे, आणि गोरे त्यांच्याशी सोयरीक करत नसत. रब्बिनेटला नेमकं हेच खुपत असताना ठाण्याच्या आजोबांनी उत्तरात काय लिहिलं असेल आणि काय गाळलं असेल, याचा अंदाज बांधता येतो. पणजीच्या रकान्यात फक्त एक नाव आहे आणि माहेर नाही, अशा ठिकाणी थांबावं. तिथे कल्पनेने गाव भरू नये.

मागे जायची हद्दही ओळखावी. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं, सात जोडपी वाचली आणि त्यांच्यापासून समाज वाढला, ही कथा प्रत्येक घरात आहे. पुढे दावीद रहाबी नावाच्या पाहुण्याने, खवले आणि पर नसलेली मासळी बायका बाजूला काढतात हे पाहून त्यांना ओळखलं आणि झिराडकर, शापूरकर, राजपूरकर या घराण्यांतल्या तिघांना काजी, म्हणजे समाजाचे धार्मिक पुढारी, नेमलं, ही दुसरी. नवगावच्या जुन्या दफनभूमीतल्या थडग्यांवर अक्षर नाही. बाहेरच्या माणसाने केलेला पहिला लेखी उल्लेख मिळतो तो १७३८ सालचा, सार्टोरियस नावाच्या मिशनऱ्याच्या पत्रात; त्यानंतर १७६८ मध्ये कोचीनच्या यहेज्केल रहाबींनी अ‍ॅमस्टरडॅमला पाठवलेल्या पत्रात. म्हणजे समाजाच्या इतिहासाची सुरुवातही दुसऱ्याच्या पत्रांतूनच होते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात बेने इस्रायलांच्या रक्तात ज्यू आणि भारतीय असे दोन्ही वारसे ठळक दिसले, आणि ज्यू अंश मुख्यत्वे बापाकडून, भारतीय अंश आईकडून आल्याचं आढळलं. तो समाजाविषयी सांगतो, तुमच्या पणजीविषयी नाही. सात जोडप्यांपैकी एकाला मूळपुरुष म्हणून वंशवृक्षाच्या बुंध्याशी बसवणारे तक्ते मी पाहिले आहेत. ते छान दिसतात, पण एकोणिसाव्या शतकाच्या मागे बहुतेकांकडे नावांचा आधार नसतो.

आणि हातात काय आहे हेही नीट पाहावं. ठाण्याच्या ट्रंकेत आहे तो प्रश्न. पणजीचं नाव, तिचं गाव, मामांची यादी लिहिलेलं उत्तर टेंभी नाक्याजवळच्या टपालपेटीत पडलं आणि तिकडे गेलं. ते त्या मावशीच्या मुलांकडे असेल किंवा एखाद्या विवाह नोंदणीच्या फायलीला लावलेलं. म्हणून कोकणातली गावं हिंडण्याआधी पत्राच्या पाठीवरचा पत्ता वाचावा आणि तिथल्या नातवंडांना फोन लावावा. ती आता हिब्रूच बोलतात, पण आजीच्या मराठी कागदांचा डबा अनेकांनी टाकलेला नाही. त्यांना तो वाचता येत नाही एवढंच, आणि वाचणारा ठाण्यात आहे.