न निवडलेल्यांच्या हाती कारभार गेला कसा?

निवडून न आलेले अधिकारी सत्ता बळकावतात, ही तक्रार लोकशाही देशांत नित्याची आहे. इतिहास चाळला तर मात्र बळकावण्यापेक्षा सोपवण्याचेच दाखले जास्त सापडतात. आणि सोपवणारे बहुतेकदा लोकप्रतिनिधीच.

१८२९ मध्ये अँड्र्यू जॅक्सन अध्यक्ष झाल्यावर अमेरिकेत सरकारी नोकऱ्या कार्यकर्त्यांना खिरापतीसारख्या वाटण्याची प्रथा उघड रुजली. पक्ष बदलला की पोस्टमास्तरही बदलायचा. चार्ल्स गिटो नावाच्या इसमाला अशाच हिशेबाने पॅरिसमध्ये वाणिज्यदूत व्हायचे होते. त्याची प्रचारातली कामगिरी यथातथाच. खेटे घालूनही पद मिळेना, तेव्हा २ जुलै १८८१ रोजी त्याने वॉशिंग्टनच्या रेल्वे स्थानकात अध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या. सप्टेंबरमध्ये ते वारले. १८८३ च्या पेंडलटन कायद्याने काही नोकऱ्या परीक्षेने भरायला सुरुवात झाली आणि त्या नोकरांना राजकीय कारणावरून काढायला बंदी आली. ब्रिटनमध्ये नॉर्थकोट-ट्रेव्हेलियन अहवालाने वशिल्याऐवजी स्पर्धा परीक्षा १८५४ मध्येच सुचवली होती. मंत्री येतो-जातो, अधिकारी तिथेच राहतो, ही घडी अशी बसली.

पण नोकरी कायम झाली म्हणून हुकूम चालतोच असे नाही. तो चालू लागला तो विसाव्या शतकात, कायदेमंडळे फक्त सांगाडा मंजूर करून तपशील खात्यांवर सोडू लागली तेव्हा. अमेरिकेचा १९७० चा स्वच्छ हवा कायदा घ्या. लोकांचे आरोग्य जपण्यासाठी लागेल तेवढी मर्यादा ठरवा, असे त्याचे सांगणे. आकडा ठरवायचा पर्यावरण संरक्षण संस्थेने. हवेतल्या शिशाची मर्यादा संस्थेने १९७८ मध्ये घनमीटरला १.५ मायक्रोग्रॅम ठेवली आणि २००८ मध्ये ०.१५ वर आणली. दहापट कडक नियम, तोही काँग्रेसमध्ये नव्याने मतदान न होता. शिशाचे मोजमाप खासदारांनी करावे, असे मला तरी वाटत नाही.

कधी कधी मात्र तज्ज्ञतेइतकीच नामुष्की टाळण्याचीही सोय असते. व्याजदर वाढवणारा मंत्री शिव्याच खातो. मे १९९७ मध्ये सत्तेवर येताच काही दिवसांत ब्रिटनचे अर्थमंत्री गॉर्डन ब्राउन यांनी व्याजदराचा निर्णय बँक ऑफ इंग्लंडकडे देऊन टाकला. महागाईचे लक्ष्य तेवढे सरकारने स्वतःकडे ठेवले.

अधिकार परत घेण्याचेही प्रयत्न होतात. कायदा संदिग्ध असेल तर संबंधित यंत्रणेने लावलेला वाजवी अर्थ न्यायालयांनी मानावा, हा अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाचा १९८४ चा दंडक त्याच न्यायालयाने जून २०२४ मध्ये मोडीत काढला. आता अंतिम अर्थ न्यायाधीश लावणार, आणि तिथले संघीय न्यायाधीशही निवडणूक लढवून येत नाहीत.