तीन चाकं आहेत, म्हणून कलंडत नाही?

‘तीनचाकी टूरिंग बाईक कलंडत नाही, जुनी घेताना नुसतं इंजिन ऐका’ हा निरोप वर्षानुवर्षं फिरतोय. उभी असताना ती पडत नाही, पायही टेकावा लागत नाही. त्यामुळे तसं वाटणं साहजिकच.

पण दुचाकी वळणावर आत झुकते, बहुतेक तीनचाकी झुकत नाहीत. भार बाहेर ढकलला जातो आणि वेग जास्त असला तर आतलं चाक उचलतं. परशुराम घाट रिक्षाने उतरलेल्यांना हे अंगानं ठाऊक आहे. पुढे एकच चाक असेल, तर वळणात ब्रेक दाबल्यावर धोका आणखी वाढतो.

तपासायचं कसं? मोकळ्या मैदानात हळू, सरळ चालवा. गाडी एका बाजूला ओढते का बघा. टायरच्या दोन्ही कडा हाताने चाचपा, झीज सारखी हवी. मूळ दुचाकीची तीनचाकी केली असेल, तर तो बदल आरसीत नोंदलेला हवा.

आपल्याकडे कोकणात तर मी इंजिनाआधी खाली बघेन. खारा वारा गाडीच्या सांध्यांत शिरतो, लोखंड गंजतं. गोणपाट टाकून आडवे व्हा, मागच्या ॲक्सलचं वेल्डिंग बघा. ताजा काळा रंग दिसला, तर लोखंडी भागावर लोहचुंबक फिरवा. जाड पुट्टी भरली असेल तिथे तो नीट चिकटत नाही.