यांत्रिक कळफलक : न उमटणाऱ्या कळा

सुटे भाग आणून जुळवलेल्या यांत्रिक (प्रत्येक कळीखाली वेगळा स्विच असलेल्या) कळफलकावर कळ दाबूनही अक्षर उमटत नसेल, तर दोष बहुधा जोडणीत असतो. स्विच कायमचा निकामी होणे त्यामानाने विरळा. विदर्भातल्या खेड्यात भाग कुरिअरने येतात, दुरुस्ती मात्र गावातच करावी लागते. त्यासाठी तालुक्याच्या टीव्ही दुरुस्तीवाल्याकडचे मल्टिमीटर आणि सोल्डरिंग आयर्न पुरेसे असते.

६१ कळांच्या फलकात ६१ स्वतंत्र तारा नसतात. ५ आडव्या आणि १४ उभ्या रांगांच्या जाळीमुळे कंट्रोलरच्या (फलक चालवणाऱ्या चिपच्या) १९ पिनांवर काम भागते. म्हणून आयर्न तापवण्याआधी किती कळा बंद आहेत आणि कुठे, हे पाहावे. अख्खी रांग गेली असेल तर स्विच उपसत बसण्यात अर्थ नाही. बोर्डावरची तांब्याची रेघ तुटलेली असते किंवा कंट्रोलरची पिन सुटलेली असते.

एकच कळ बंद असेल तर चिमट्याची परीक्षा सर्वांत भरवशाची. यूएसबी जोडलेली ठेवून स्विचच्या दोन्ही टाक्यांना (बोर्डावर सोल्डर केलेल्या जोडांना) चिमट्याची टोके एकदम टेकवावीत. अक्षर उमटले तर बोर्ड ठीक, स्विच खराब. हॉट-स्वॅप फलकात (सोल्डर न करता सॉकेटमध्ये स्विच बसवण्याच्या) असा स्विच उपटून पाहिला की अनेकदा त्याची एक पिन दुमडून आडवी झालेली दिसते. ती सरळ करून, मागून सॉकेटला बोटाचा आधार देत स्विच पुन्हा बसवावा. आधार नसेल तर सॉकेटच उखडते. चिमट्यानेही अक्षर आले नाही तर डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) तपासावा. १एन४१४८ या नेहमीच्या डायोडवरची काळी पट्टी शेजारच्या डायोडांसारख्याच दिशेला हवी. उलटा बसलेला डायोड ती कळ मुकी करतो. डायोड मोडवर ठेवलेले मल्टिमीटर एका दिशेने सुमारे ०.५ ते ०.७ व्होल्ट दाखवते, उलट दिशेने काहीच नाही. डायोड बरोबर असेल तर ड्राय सोल्डर झालेला, म्हणजे नीट न चिकटलेला टाका पुन्हा तापवावा, पण झटपट. आयर्न रेंगाळले की तांब्याची टिकली सुटून येते.

कळ कधी लागते, कधी लागत नाही, तेव्हा स्विचच्या आतल्या धातूच्या पट्ट्यांमध्ये कचरा असण्याची शक्यता जास्त. भाव वाढण्याची वाट पाहत घरातच कापूस भरून ठेवलेला असेल, तर कळांच्या टोप्यांखाली तंतूंचा थर साचतोच. टोप्या काढून ब्रशने झाडावे. नुसते फुंकल्याने कचरा आणखी आत जातो.

तपासणी इंग्रजी मांडणीत करावी. इन्स्क्रिप्ट या मराठी टंकलेखनाच्या मांडणीत पाय मोडण्याचे चिन्ह ‘डी’च्या कळीवर असते, ती बंद पडली की ‘विदर्भ’चे ‘विदरभ’ होते आणि दोष फाँटवर ढकलला जातो. विंडोजमध्ये उजवी शिफ्ट ८ सेकंद दाबून राहिली तर ‘फिल्टर कीज’ सुरू होऊ शकते. मग झटकन दाबलेली प्रत्येक कळ मेल्यासारखी वाटते. क्यूएमके फर्मवेअरच्या (फलकाच्या आत चालणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) फलकात व्हाया हे कळा नेमण्याचे ॲप उघडून त्या कळीला अक्षर नेमलेले आहे ना, तेही पाहावे.